छप्पर दुकानाचे, ताप हमालाचा

उष्माघात म्हणजे उन्हात फिरल्याने होणारा आजार, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. मार्च लागला की सूचनाही तशाच येतात. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, डोक्याला रुमाल बांधा, सावलीत थांबा. त्यात चूक काही नाही. पण ज्याची सावलीच पत्र्याची आहे त्याने कुठे जायचे, याचे उत्तर त्या सूचनांत नसते.

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातले पुसेगाव घ्या. (पुसेगाव म्हटले की राज्यात बहुतेकांना साताऱ्याकडचे सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते, हे ते नव्हे.) सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळदीचा हा मुलूख. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे इथे नवलाचे नाही. अशा गावातली बाजारपेठ बहुतांशी पत्र्याखाली असते. किराणा, कृषी सेवा केंद्र, मेडिकल, चहाचे हॉटेल, पिठाची गिरणी, भुसार मालाची खरेदी, सगळ्यांच्या डोक्यावर तोच नालीदार पत्रा. पुढे एक शटर आणि मागे आंधळी भिंत. घरातला माणूस दुपारी निदान लिंबाखाली जाऊन बसू शकतो. दुकानातला पोऱ्या आणि खरेदीवरचा हमाल कामाची वेळ संपेपर्यंत तिथेच असतो.

हे पत्रे आले कसे, तेही समजून घ्यायला हवे. मराठवाड्याचे जुने छप्पर म्हणजे माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काड्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींसकट हीच जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची भीती वाटू लागली, ती योग्यच होती. मातीचे थर घालणारे कारागीरही कमी होत गेले, सागवान परवडेनासे झाले आणि हलका, स्वस्त, दोन दिवसांत चढणारा पत्रा सगळीकडे पोहोचला. जीव वाचवण्याच्या दृष्टीने हलके छप्पर ही सुधारणाच आहे. तेव्हा माळवदाकडे परत चला, असे सांगण्यात अर्थ नाही. जो पत्रा आता आहेच, तो नीट कसा बसवायचा, हा खरा प्रश्न.

कारण सध्या तो नीट बसवला जात नाही. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, शेजारच्या नांदेड-परभणीतही धक्के जाणवले, तेव्हा पत्र्यांवरचे दगड काढून ठेवा, असे आवाहन प्रशासनाला करावे लागले. हलके छप्पर घ्यायचे आणि त्यावर दगड रचायचे, म्हणजे माळवदाचा धोका पुन्हा डोक्यावर घ्यायचा, शिवाय त्याचा गारवा नाहीच.

आता शरीराचे गणित. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३५ अंश असते. आजूबाजूच्या वस्तू त्याहून थंड असतील तर शरीर आपली उष्णता त्यांच्याकडे फेकते. उन्हात तापलेला, जुना किंवा गडद रंगाचा पत्रा ६० अंशांच्या पुढे जातो. मग प्रवाह उलटा होतो. छप्पर उष्णता फेकते आणि खालचा माणूस ती झेलतो. भिंतीवरचा तापमापक हवेचे तापमान दाखवतो, वरून येणारी ही धग त्यात पुरती उतरत नाही. म्हणून ‘बाहेर ४२ आणि आतही ४२, मग फरक काय’ हा हिशेब चुकतो. बाहेर लिंबाखालचे ४२ आणि पत्र्याखालचे ४२ शरीराला सारखे नसतात.

भुसार मालाच्या गोदामात सगळ्यात वाईट जागा कोणाची? थप्पीच्या टोकावर उभ्या असलेल्या हमालाची. गरम हवा वर चढून तिथेच साचते आणि पत्रा त्याच्या डोक्यापासून हात-दोन हातांवर असतो. अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. तासाभरात लिटरभर घाम सहज जातो. पाणी कमी पडले की पायात गोळे येतात, चक्कर येते, लघवी कमी आणि गडद पिवळी होते. हे रोजचेच झाले की मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हे सगळे लवकर घडते. आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात. त्या क्षणी गाडी येईपर्यंत थांबायचे नाही. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचे, वारा घालायचा, आणि शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात काही घालायचे नाही. नुसत्या पंख्याच्या भरवशावरही राहू नये. हवाच ४० अंशांपुढे गेली की पंखा ती गरम हवाच अंगावर मारत राहतो.

छपराची झळ दुकानाच्या उंबऱ्याशी थांबत नाही, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. मेडिकलमधल्या बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर ‘२५ अंशांखाली’ किंवा ‘३० अंशांखाली ठेवा’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. पत्र्याखालच्या दुकानात वीज चार तास गेली तर फ्रीज किती तग धरणार? मधुमेही रुग्णाची साखर उतरत नाही, डोस वाढवला जातो, पथ्याबद्दल त्यालाच बोल लावले जातात, आणि औषध दुकानातच निकामी झाले असेल, ही शंका क्वचितच कोणाला येते. कृषी सेवा केंद्राचेही तेच. सोयाबीनच्या बियाण्याचे टरफल पातळ असते; उष्णता आणि दमट हवेत त्याची उगवणशक्ती झपाट्याने घसरते. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते, पण ती तपासली जाते पिशवीवर शिक्का बसण्याआधी, मे महिन्यात पत्र्याखाली महिनाभर राहिल्यानंतर नाही. दुबार पेरणीचा दोष पावसाला देताना हेही मोजायला हवे. त्याच खोलीत कीटकनाशकांचे डबे असतील, तर उष्णतेने त्यांची वाफ वाढते आणि ती काउंटरवरचा माणूस दिवसभर हुंगतो.

मग करायचे काय? पहिली गोष्ट रंग. नवा रंगीत पत्रा घेताना दुकानदार सहसा गडद निळा, विटकरी किंवा हिरवा निवडतात. पांढरा किंवा फिका पत्रा त्याच भावात मिळतो आणि उन्हाचा मोठा भाग परत फेकतो. जुन्या पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग देता येतो. ठिकठिकाणच्या प्रयोगांत अशा छपराखालचे तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरल्याचे दिसले आहे. हा आकडा लहान वाटतो, पण ४३ आणि ३९ यांतला फरक घाम गाळणाऱ्या माणसाला विचारावा. धूळ बसली की गुण कमी होतो, तेव्हा छप्पर अधूनमधून धुवावेच लागते.

यात टिकाऊपणाचाही लाभ आहे आणि दुकानदाराला तोच आधी पटेल. वीस फुटी पत्रा पहाटेच्या २५ अंशांवरून दुपारी ६५ वर गेला की सुमारे तीन मिलिमीटर लांबतो, रात्री पुन्हा आखडतो. हे रोज होते. त्यामुळे स्क्रूभोवतीचे भोक सैल होते, रबरी वॉशर कडक होऊन चिरतो, पाणी शिरते, गंज धरतो आणि मग वळवाचा वारा पत्रा उचलतो. पांढरे छप्पर कमी तापते, म्हणून कमी हलते, म्हणून जास्त टिकते. वारा सर्वांत जोराने उचलतो तो कडा आणि कोपरे. तिथे स्क्रू दाट हवेत आणि कैची भिंतीला पक्की बांधलेली हवी. दगडांपेक्षा पन्नास स्क्रू जास्त चालले तरी ते स्वस्तच पडतात. पत्रा विकत घेताना जाडी सगळे विचारतात, जस्ताचा थर किती ग्रॅमचा हे क्वचित कोणी विचारते, आणि पत्र्याचे आयुष्य बरेचसे त्या थरावर ठरते.

दुसरी गोष्ट हवा. पत्र्याखाली वीतभर मोकळी पोकळी सोडून छत केले आणि त्या पोकळीतली गरम हवा आढ्याशी बाहेर पडू दिली, तर धग खाली पोहोचतच नाही. वाऱ्यावर फिरणारे गोल पंखे छपरावर बसवतात तेही चालतील, पण खालून थंड हवा आत यायला मागच्या भिंतीत झरोका नसेल तर ते नुसते शोभेला. थर्माकोलचे छत मात्र नको. ते पेट घेते. पत्र्यावर पऱ्हाट्या पसरण्याचा गावठी उपाय गारवा देतो, पण बाजारपेठेत तो आगीला आमंत्रण आहे.

सिमेंटचा पत्रा कमी तापतो म्हणून काही जण त्याकडे वळतात. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक ठरवले आहे आणि आजार दिसायला २० ते ४० वर्षे लागतात. पत्रा अखंड असताना धोका कमी. कापताना, भोके पाडताना, फोडून टाकताना जी धूळ उडते ती घातक. म्हणजे इथेही किंमत मोजतो तो मिस्त्री. स्लॅबचे गणित वेगळे आहे. तो दिवसा उष्णता पितो आणि रात्री सोडतो. रात्री बंद असणाऱ्या दुकानाला ते चालते, त्यातच झोपणाऱ्या कुटुंबाला नाही.

अहमदाबादच्या शारदाबेन रुग्णालयात २०१० च्या उष्णतेच्या लाटेत प्रसूती कक्ष वरच्या मजल्यावर, थेट तापलेल्या छपराखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर उष्णतेमुळे अतिदक्षता कक्षात दाखल होणाऱ्या नवजात बाळांचे प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी घटल्याचे तिथल्या अभ्यासात आढळले. औषध बदलले नव्हते. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छपरांचे धोरण आणले आणि सरकारी व व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यातच भिंती आणि छप्पर आतले तापमान आटोक्यात राहील अशा साहित्याचे व रचनेचे असावे, असे लिहिले होते. पण दोन हमाल आणि एक पोऱ्या असलेले दुकान कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही.

तिथे सुरुवात करता येईल ती ग्रामपंचायतीकडून. गावोगाव ग्रामपंचायती आणि बाजार समित्या सार्वजनिक पैशातून व्यापारी गाळे आणि शेड बांधतात. त्यांच्या अंदाजपत्रकात पत्र्याची जाडी लिहिलेली असते. रंग पांढरा, मागे झरोका, आढ्याशी हवेची वाट आणि कोपऱ्यांवर दुप्पट स्क्रू, या चार ओळी त्यात घालायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. गाळ्यात कोण बसणार हे लिलावात ठरते, पण त्यात ओझी कोण उचलणार त्याला कोणी विचारत नाही. म्हणून हा निर्णय बांधणाऱ्यानेच घ्यायला हवा.

आहे त्या छपराला रंग द्यायचा तर काम फेब्रुवारीत, सकाळच्या वेळी उरकावे. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, तो फुटून माणूस खाली येतो. फळी टाकून त्यावरून चालावे आणि जवळून जाणारी वीज आधी बंद करून घ्यावी. चुना स्लॅबला चालतो, जस्ताच्या पत्र्यावर नको, ओला चुना जस्त खातो. चुना डोळ्यात उडाला तर चोळू नये, निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि तसेच दवाखाना गाठावा.