दहाव्या खंडाची फिर्याद

रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या ग्रंथमालिकेचा नववा खंड २००० साली आला. त्याच्या शेवटी त्या जगातली सर्वांत मोठी घटना घडते. पुरुषांच्या जादूशक्तीत तीन हजार वर्षांहून अधिक काळ भिनलेलं, ती वापरणाऱ्याला वेड लावणारं विष नायक रँड धुऊन काढतो. आता पुढे काय, या एका प्रश्नावर आम्ही दोन वर्षांहून अधिक काळ तग धरला. जानेवारी २००३ मध्ये दहावा खंड आला, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’. तो पुढे जाण्याऐवजी मागे वळला. रँड विष धूत होता त्याच दिवशी बाकीची मंडळी कुठे होती, हे तो सांगत बसला. कुणी छावणीत, कुणी वाटेवर, कुणी न्हाणीघरात. एकेकाला दूरवर त्या प्रचंड शक्तीची जाणीव होते, तो चकित होतो आणि प्रकरण संपतं. मग दुसऱ्याला तीच जाणीव होते. रँड स्वतः त्या जाडजूड खंडात जेमतेम भेटतो.

माझ्या प्रतीच्या समासात सहा ठिकाणी पेन्सिलीने लिहिलेलं आहे : ‘पुढे कधी?’

त्या सहा प्रश्नांचं समर्थन करण्यासाठी हा लेख आहे, आणि मी ती मालिका सोडली नाही याचंही. ही दोन्ही समर्थनं एकत्र नांदू शकत नाहीत असं मानणारे लोक मला आयुष्यभर दोन्ही बाजूंनी भेटत आले. एक बाजू म्हणते, इतकी चिडतेस तर वाचतेस कशाला? दुसरी म्हणते, इतकं प्रेम आहे तर चिडतेस कशाला? दोघांचाही पूर्वपक्ष नीट मांडून मगच त्याला उत्तर दिलं पाहिजे.

पहिला आरोप पैशाचा. लेखकाने आणि प्रकाशकाने गोष्ट मुद्दाम ताणली, वाचक विकत घेत राहिले म्हणून ताणली. आरोपात दम नाही असं नाही. करार झाला तेव्हा सहा खंडांची कल्पना होती. झाले चौदा, शिवाय एक पूर्वकथा. आणि ज्या खंडांवर लोक सर्वांत जास्त चिडले, तेही अमेरिकेत खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पण ताणायचंच असतं तर जॉर्डनला नवी संकटं, नवे शत्रू आणून गोष्ट कितीही लांबवता आली असती. मालिकेचा शेवटचा प्रसंग तर त्याच्या मनात पहिल्यापासून ठरलेला होता, आणि मृत्यूपूर्वी त्याने तो लिहूनही ठेवला. मंदावण्याचं कारण मला रचनेत दिसतं. पहिल्या खंडात, १९९० च्या ‘द आय ऑफ द वर्ल्ड’मध्ये, एका खेड्यातून काही तरुण मुलं निघतात आणि बराचसा प्रवास एकत्रच करतात. चौथ्या खंडापासून वाटा फुटू लागतात. प्रत्येक वाटेवर नवी माणसं, त्यांची राजकारणं, त्यांचे नवरे-बायका. खंडाची पानं किती वाढवणार? बांधणीलाही मर्यादा असते. मग आठ-दहा धाग्यांना पाळीपाळीने पानं वाटून द्यावी लागतात, आणि हरेक धागा हातभर सरकून थांबतो.

याचा वाचकाला बसलेला फटका मला तारखांसह पाठ आहे. १९९६ च्या सातव्या खंडात त्या खेड्यातल्या मुलांपैकी मॅट पडत्या भिंतीखाली सापडतो. तो जगला का, हे आठव्या खंडात कळतच नाही, कारण त्या खंडात मॅट नाहीच. उत्तर मिळालं २००० साली. त्यांच्यातल्याच पेरिनची बायको १९९८ मध्ये पळवून नेली जाते आणि सुटते २००५ मध्ये. गोष्टीतल्या काळात हे काही महिनेच. आमच्यापैकी कित्येकांची त्या दरम्यान शिक्षणं संपून नोकऱ्या लागल्या होत्या.

म्हणजे दोष खरा आहे. इथे मला माझ्याच पक्षातल्या लोकांशी भांडावं लागतं. आज पहिल्यांदा वाचणाऱ्या तरुण वाचकांना ते सांगतात की दहावा खंड मुळी वाईट नव्हताच, तुम्हाला वाट पाहावी लागली म्हणून तसा वाटला. सगळे खंड हाताशी ठेवून सलग वाचा, काही जाणवत नाही. मी सलग वाचून पाहिला आहे, दोनदा. जाणवतं. वाट पाहण्याचा ताप जातो, इतकंच. तीच जाणीव पाच वेळा सांगितलेली असते ती पाच वेळाच राहते. नायनीव्ह नावाची नायिका वेणी ओढते, बायका झग्यांच्या चुण्या सारख्या करतात, चहा गार होतो. ज्या लेखकाने दोनचार ओळींत एखादं गाव उभं करून दाखवलं, त्याला हे शोभत नाही असं म्हणणं हा त्याच्या ताकदीचाच हवाला आहे. सुमार लेखकाच्या संथ पुस्तकाबद्दल कुणी समासात लिहीत बसत नाही.

दुसरा आरोप अधिक बोचरा आहे, कारण तो आमच्या बुद्धीवर येतो. तो असा : तुम्हाला मालिका आवडत नसते, इतकी वर्षं घातली म्हणून सोडवत नाही. बुडत्या धंद्यात आणखी पैसे ओतणाऱ्या माणसासारखे तुम्ही. एका मित्राने मला हे अगदी कळकळीने ऐकवलं होतं आणि मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचतं. बुडत्या धंद्यातला माणूस जुने हिशेब उघडायला घाबरतो. आम्ही नवा खंड येणार म्हटलं की पहिल्यापासून सगळे खंड पुन्हा वाचायला घ्यायचो. मी पहिला खंड मुंबईत फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतला, आणि तो इतक्या वेळा वाचला की त्याचा कणा दोनदा डिंकाने चिकटवावा लागला. लोकलमध्ये उभ्याने वाचलेली पानं अजून ओळखू येतात, एका कडेला अंगठ्याचे डाग आहेत. नुसत्या नाइलाजाने कुणी इतकं मागे जात नाही.

मागे जाण्यात सुख काय होतं, तेही सांगते. (ज्यांना ही मालिका अजून वाचायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.)

या जगात एस सेदाई नावाचा जादूगार स्त्रियांचा संघ आहे. त्या शपथेने बांधलेल्या असतात : असत्य शब्द त्यांच्या तोंडून निघूच शकत नाही. १९९० च्याच दुसऱ्या खंडात व्हेरिन नावाची त्यांच्यातलीच एक विसराळू, शाईने बोटं माखलेली विदुषी येते आणि सहज सांगते की मला संघातल्याच मॉयरेनने पाठवलं. पुढच्या खंडात मॉयरेनच्या बोलण्यातून कळतं की तिने कुणालाच पाठवलं नव्हतं. लेखक त्यावर एक अक्षर बोलत नाही. ज्याने लक्ष दिलं नाही त्याच्या हातून ते निसटलं. ज्याने दिलं त्याच्या मनात खडा राहिला : ही बाई खोटं बोलू शकते, मग ही आहे तरी कोण? उत्तर आलं २००९ च्या बाराव्या खंडात. व्हेरिन शत्रूच्या गोटात शिरली होती आणि अनेक दशकं त्यांची गुपितं टिपून ठेवत होती. त्या गोटाची शपथ तिला मृत्यूच्या घटकेपर्यंत फितुरी करू देत नाही. म्हणून ती चहातून विष घेते, ती घटका स्वतःच आणते आणि उरलेल्या तेवढ्या वेळात सगळं सांगून टाकते. त्या पानावर मी रडले. १९९० मधलं ते एक साधं वाक्य मनात जपलेलं नसतं तर तिथे फक्त एक चतुर कलाटणी दिसली असती. एकोणीस वर्षं सांभाळलेला तो खडा त्या रात्री हातातून खाली ठेवता आला.

अस्मोडियन नावाच्या पात्राचा खून कुणी केला, हा वादही असाच. १९९३ च्या पाचव्या खंडात तो दार उघडतो, समोरच्याला ओळखतो आणि मरतो. मारेकऱ्याचं नाव नाही. वाचकांनी पानं आणि ओळी काढून एकमेकांचे तर्क खोडले, नवे उभे केले. नाव कळलं २०१० मध्ये, तेराव्या खंडाच्या शेवटी जोडलेल्या शब्दसूचीत. सतरा वर्षं. इतकी बारकाईने वाचणारी माणसं दहाव्या खंडातली पुनरुक्ती पाहूनही गप्प राहतील, ही अपेक्षाच मुळात चुकीची. ज्या स्मरणशक्तीने व्हेरिनचं वाक्य धरून ठेवलं, त्याच स्मरणशक्तीने वेणी ओढणंही मोजलं.

आता तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत सभ्य भाषेत येतो. लेखक तुमचा काही लागत नाही. तुम्ही एका पुस्तकाचे पैसे दिले, ते पुस्तक मिळालं, व्यवहार संपला. मला हे पटत नाही. मुखपृष्ठावर ‘मालिकेतला पहिला ग्रंथ’ असं छापलेलं असतं, तो शब्द दिलेला असतो. मराठी वाचकाला ‘क्रमशः’ची हुरहुर परकी नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्याने येत आणि त्यांतल्या काही अपुऱ्याच राहिल्या. हरिभाऊंनी फसवलं असं कुणी म्हणत नाही, पण त्या अपुऱ्या राहिल्याची खंतही कुणी गैर मानत नाही. दिलेल्या शब्दावर वाचकाचा हक्क आहे, तो पानावर काय येतं यापुरता. लेखकाच्या दिवसांवर, प्रकृतीवर, सुटीवर त्याचा हक्क नाही. आमच्यातलेच काही जण ‘हा शेवट लिहिण्याआधी मेला तर?’ असं उघड म्हणत होते. ते बोलणं मला तेव्हाही असभ्य वाटलं. त्यात एका माणसाला टाकासारखं धरलेलं होतं.

आणि तसंच घडलं. मार्च २००६ मध्ये जॉर्डनने स्वतःच जाहीर केलं की त्याला हृदयाचा अ‍ॅमिलॉयडोसिस झाला आहे. १६ सप्टेंबर २००७ रोजी तो गेला, वय अठ्ठावन्न. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरमधून लढलेला, पुढे पदार्थविज्ञान शिकून अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता म्हणून राबलेला हा माणूस दुखण्यातही शेवटच्या खंडासाठी टिपणं करत होता, आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवत होता. बातमी कळली त्या दिवशी मी दहावा खंड कपाटातून काढला आणि पेन्सिलीच्या त्या खुणा पाहिल्या. तेव्हा अनेकांनी लिहिलं की तक्रार करणाऱ्यांना आता लाज वाटली पाहिजे. मी पुष्कळ विचार केला. दुःख झालं, फार झालं, लाज वाटली नाही. माझी तक्रार पानाशी होती आणि पान तसंच होतं. मृत्यूने लेखकाची आठवण पवित्र होते; प्रकरणांची रचना त्यामुळे बदलत नाही. उलट, अकराव्या खंडात, २००५ च्या ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’मध्ये, त्याने सगळे तुंबलेले धागे एकामागून एक सोडवले होते, पेरिनची बायको सोडवली, मॅटचं लग्न लावलं. दहाव्याबद्दल मी गप्प बसले असते, तर अकराव्यातला हा आनंद कोणत्या तोंडाने सांगितला असता?

पुढची गोष्ट तर आमच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. जॉर्डनची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल हिने मालिका पुरी करायला ब्रँडन सँडरसनला निवडलं. तो किशोरवयापासूनचा वाचक. जॉर्डन गेल्यावर त्याने लिहिलेली श्रद्धांजली तिच्या वाचनात आली होती. कामाला बसण्याआधी त्यानेही तेच केलं जे आम्ही करत होतो : सगळे खंड पुन्हा वाचले. बारावा खंड कितीही जाड झाला तरी तोच शेवटचा, असं जॉर्डन म्हणाला होता. त्या एकाचे तीन झाले, २००९, २०१० आणि जानेवारी २०१३. आम्हाला नुसता शेवट हवा होता असं म्हणणाऱ्यांनी बाराव्या खंडानंतर काय झालं ते पाहावं. शेवट दिसू लागला होता, गोष्ट धावत होती, तरी वाचकांनी तक्रार केली की हा मॅट आमचा नाही. विनोद मोठ्याने करतो, मूळ मॅटला स्वतःच्या विनोदीपणाचा पत्ताच नसायचा. सँडरसनने ते खुलेपणाने मान्य केलं, आणि पुढच्या खंडातला मॅट मूळ मॅटच्या जवळ आला.

२०१३ च्या जानेवारीत चौदावा खंड संपला. शेवटचं पान मिटलं त्या रात्री हातात काहीच उरलं नाही असं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये मी पहिला खंड उघडला. काही महिन्यांनी दहाव्याशी पोहोचले. काही जण फेरवाचनात तो सारांशावर भागवतात. मी वाचते. छावणीतली प्रकरणं अजूनही लांबतात, न्हाणीघरातलं पाणी अजूनही गार होत राहतं. समासातल्या सहा खुणा मी पुसलेल्या नाहीत. तिसऱ्या फेरीत एक सातवी पडली.