कर्ज माझं, हमी सरकारची, मग तारण बापाचं का?

परवा मेसमध्ये वाद रंगला. विषय होता शैक्षणिक कर्ज. एकाचं म्हणणं, "बँक आणि विद्यार्थी काय ते बघून घेतील, सरकारने मध्ये पडूच नये. बुडालेल्या कर्जाचा भुर्दंड करदात्याने का भरायचा?" टेबलावरच्या बऱ्याच माना डोलल्या. माझी नाही डोलली. का, ते सांगतो.

आपल्याकडे या कर्जाचा वेगळा कायदाच नाही. जे आहे ते योजना आणि परिपत्रकांवर. बँकांच्या संघटनेने २००१ साली आदर्श कर्ज योजना आणली. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलंय. २०१५ साली केंद्राने हमी निधी उभारला. त्यात साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज बुडालं तर ७५ टक्के रकमेची हमी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेतही हमीची मर्यादा साडेसात लाखच! नऊ वर्षांत फी कुठे गेली, हे मी सांगायला नको.

आता कागदावरून गावात येऊ. मी वसईतल्या नंदाखालचा. आमच्याकडे वाडी म्हणजे केळी, फुलझाडं आणि एक विहीर. जमीन वडिलोपार्जित, सात-बारावर सगळ्या काकांची नावं. ती गहाण टाकायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. माझ्या कर्जाची रक्कम चार लाखांच्या आतली, तरी एका बँकेत सात-बारा मागितलाच. पप्पांनी तीन फेऱ्या मारल्या. शेवटी आतेभावाने नियमाची प्रिंट काढून दिली, तेव्हा कुठे अर्ज हलला. म्हणजे नियम होता म्हणून भांडता तरी आलं. आणि त्याच वाडीत मजुरीला येणाऱ्या बाईच्या मुलीला इंजिनीअर व्हायचं असेल तर? तिच्या नावावर सात-बाराच नाही. नियम काढून टाका, म्हणजे तिच्यासाठी बँकेचं दारच बंद.

करदात्याचा प्रश्न मात्र खोटा नाही. पीएम-विद्यालक्ष्मीसाठी २०३०-३१ पर्यंत ३,६०० कोटींची तरतूद आहे, ती काही आभाळातून पडत नाही. पण मग हिशेब पुरता करा. जोखमीचा मोठा वाटा करदात्याने उचललाय, तर त्याच कर्जावर पुन्हा बापाची जमीन कशाला? आणि खर्च आवरायचाच असेल तर मूळ फीवर लगाम हवा. त्यासाठी महाराष्ट्रात २०१५ चा शुल्क नियमनाचा कायदा आहे. तो ढिला पडला की फी फुगते, फी फुगली की कर्ज फुगतं आणि शेवटी हमीही.

अमेरिकेत बघा. बायडेन यांची सुमारे ४०० अब्ज डॉलरची कर्जमाफी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केली. २०२५ च्या कायद्याने पदव्युत्तर शिक्षणाच्या सरकारी कर्जावर मर्यादा घातल्या. निर्णय पटो न पटो, पण ते संसदेत आणि कोर्टात उघडपणे झाले. आपलं नशीब मात्र काउंटरवरच्या साहेबांच्या मूडवर!

म्हणून माझं स्पष्ट मत : नियम कमी नकोत, पक्के हवेत. तारणाची अट कायद्यात लिहा, कर्ज नाकारलं तर कारण लेखी द्या, आणि हमीची मर्यादा फीबरोबर वाढवा.

तोवर आपण काय करायचं? बँकेने नियम मोडला तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे एक पैसा लागत नाही. आणि सर-मॅडम, एक विनंती. ॲडमिशनच्या आठवड्यात ऑफिसबाहेर एक टेबल टाका, कर्जाचे नियम मराठीत छापून ठेवा. बसायला आम्ही पोरं आहोतच.