रेडिएटरचें पाणी : रंगावर भरंवसा नको

मावळांत भातलावणीपूर्वींची चिखलणी सुरू झाली म्हणजे ट्रॅक्टरला उसंत मिळत नाहीं. चिखलांत कमी वेगानें पण पूर्ण ताकदीनें इंजिन चालतें; रेडिएटरच्या जाळीवर राड बसते, वारा कमी लागतो, आणि कांटा तांबड्या रेघेस टेकला कीं चालक शेजारच्या ओढ्याचें पाणी डब्यानें आणून ओततो. पुढें गाडी गॅरेजांत गेली तर हिरवें किंवा तांबडें, जें हाताशीं असेल तें कूलंट वरून भरलें जातें. तेवढ्यापुरतें काम निभावतें, म्हणून या दोन्ही गोष्टींत कोणास दोष दिसत नाहीं. आमच्या मतें दोष मोठा आहे, व त्याचा दंड ऐन हंगामांत भरावा लागतो.

ही संवय कोठून आली हें पाहण्यासारखें आहे. खडकीस १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, व पुढें गांवोगांवच्या विहिरींवर ऑइल इंजिनें आलीं. त्यांपैकीं पुष्कळ इंजिनांस पंपाच्या नळींतूनच थोडें पाणी दिलें जाई, व तें इंजिनाभोंवतीं फिरून पाटांत पडे. रोज नवें पाणी, तेव्हां तें कसलें आहे याची चौकशी कोण करणार? ट्रॅक्टर, जीप किंवा मोटार यांची गोष्ट निराळी. तेथें तेंच पाणी बंद चक्रांत महिनोन्‌महिने फिरतें. आमच्या काळ्या पाषाणांतील विहिरींच्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलें कीं त्यांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि प्रत्येक वेळीं वरून ओतलेलें पाणी नवे क्षार आणून त्यांत भर घालतें. हा थर उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. शिवाय नुसत्या पाण्यानें लोखंड गंजतें व ॲल्युमिनियमला खड्डे पडतात.

कूलंट हा थंड मुलखांतील लाड आहे, येथें पाणी कोठें गोठतें, असा आक्षेप आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकतों. हा आक्षेप अपुऱ्या माहितीवर उभारलेला आहे. एथिलीन ग्लायकॉल व शुद्ध पाणी समभाग घेतलें तर तें मिश्रण समुद्रसपाटीस सुमारें १०७ अंश सेंटिग्रेडला उकळतें, व रेडिएटरचें दाबाचें झाकण चांगलें असेल तर त्याहूनही पुष्कळ वर. बोरघाट चढणाऱ्या भरल्या गाडीस हें अंतर फार उपयोगी पडतें. परंतु आमच्या हवेंत याहून महत्त्वाचीं आहेत तीं कूलंटमध्यें अल्प प्रमाणांत घातलेलीं गंजरोधक द्रव्यें. खरा फरक त्यांतच आहे, आणि मिसळीचा घोटाळाही तेथेंच होतो.

या द्रव्यांचे स्थूलमानानें तीन वर्ग आहेत. पहिला जुना वर्ग सिलिकेट, फॉस्फेट, नायट्राइट इत्यादि खनिज क्षारांचा. हे क्षार धातूवर सर्वत्र पातळ लेप धरतात, पण लवकर खर्चीं पडतात. म्हणून असें कूलंट सामान्यतः दोन वर्षांनीं बदलावें लागतें. दुसरा वर्ग सेंद्रिय आम्लांच्या क्षारांचा. तीं द्रव्यें जेथें गंज सुरू होतो तेथेंच काम करतात, यामुळें पांच वर्षें किंवा अधिकही टिकतात. तिसरा वर्ग या दोहोंच्या संयोगाचा. निरनिराळ्या वर्गांचें कूलंट एकत्र झालें म्हणजे दर वेळीं अनर्थ होतोच असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळदां होतें तें इतकेंच कीं पांच वर्षांचा माल दोन वर्षांचा होतो, आणि मालकास तें कळतही नाहीं. परंतु कांहीं मिश्रणांत, विशेषतः सिलिकेट असलेल्या, खळीसारखा चिकट साका उत्पन्न होतो व तो रेडिएटरच्या नळ्या तुंबवितो. मग इंजिन तापतें, हेडचें गॅस्केट जातें, क्वचित् हेडही वाकतें.

मग ओळखावें कसें? येथेंच आमचे बंधु फसतात. रंग म्हणजे कारखानदारानें घातलेला नुसता रंग होय. गळती चटकन् दिसावी हा त्याचा उपयोग. एका कंपनीचें हिरवें जुन्या वर्गाचें, तर दुसरीचें हिरवें सेंद्रिय वर्गाचें असूं शकतें. “हिरवें होतें, हिरवेंच घातलें” हें मिस्त्रीचें उत्तर समाधानकारक वाटतें, पण त्यास आधार नाहीं. पाहावयाचें तें गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें मानक व डब्यावर छापलेला मजकूर. भारतीय मानक ५७५९ हा आंकडा अनेक डब्यांवर आढळतो. तो नसेल व वर्गही लिहिलेला नसेल, तर तो डबा दुकानांतच राहूं द्यावा.

ट्रॅक्टरवाल्यांस एक निराळा इशारा आहे. ज्या डिझेल इंजिनांत पाणी लायनरला प्रत्यक्ष भिडतें, तेथें लायनरच्या थरथरीनें पाण्यांत सूक्ष्म बुडबुडे होतात व फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटतांना धातूस टोंचा मारतो. कालांतरानें लायनरला आरपार छिद्र पडून पाणी तेलांत उतरतें. यास आळा घालणारीं द्रव्यें अशा इंजिनांकरितां केलेल्या कूलंटमध्यें असतात. म्हणून घरच्या मोटारीचा उरलेला डबा ट्रॅक्टरमध्यें रिकामा करणें ही काटकसर नव्हे.

आमचें सांगणें थोडक्यांत असें. आंत काय आहे हें ठाऊक नसेल तर वरून भर घालूं नये. सर्व काढून, शुद्ध पाण्यानें धुऊन, एकच योग्य कूलंट भरावें, व तारीख आणि नांव झाकणाजवळ चिठ्ठीवर लिहून ठेवावें. दाट कूलंट असेल तर त्यांत डब्यावरील प्रमाणानें शुद्ध केलेलें पाणी मिसळावें, विहिरीचें नव्हे. तयार मिश्रणांत पाणी घालूं नये. वाटेंत अडचण पडली तर साधें पाणी घालून घर गांठावें, पण नंतर तें सारें काढून टाकावें. गरम इंजिनाचें झाकण कदापि उघडूं नये.

आणखी एक गोष्ट गोठ्यासाठीं. ग्लायकॉल चवीस गोड व अत्यंत विषारी असतें. तें पोटांत गेलें तर जनावराचीं मूत्रपिंडें निकामी होतात व मृत्यूही येतो. काढलेलें कूलंट उघड्या घमेल्यांत ठेवूं नये, पाटांत सोडूं नये, व मुलांच्या हातीं लागेल अशा सरबताच्या बाटलींत तर मुळींच भरूं नये.

तळेगांव दाभाड्याच्या कुंपणाशीं मोटारी तयार करण्याचा उद्योग २००८ सालीं आला. जनरल मोटर्सचें तें उत्पादन २०२० अखेर थांबलें, व २०२३ सालीं तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनें केला. या पट्ट्यांतील कारखान्यांत आमच्याच घरचे तरुण काम करतात, आणि रंगापेक्षां मानक पाहावें हें त्यांस शिकवावें लागत नाहीं. तें ज्ञान बांध ओलांडून शेतांत कां येऊं नये? शेतकऱ्यांच्या संस्थांनीं आपल्या दुकानांत वर्ग व मानक स्पष्ट छापलेलेंच कूलंट ठेवावें, आणि कारखानदारांनीं तो मजकूर मराठींत छापावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. बियाणें घेतांना पिशवीचा रंग पाहून कोणी घेत नाहीं, तिच्यावरील चिठ्ठी वाचतो. कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरला तितकी तरी काळजी मिळावी.