वेताळाचा प्रश्न आणि आमचे मौन

आमच्या निवासी शाळेच्या ग्रंथालयात ‘चांदोबा’चे जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या विचारांवर चालणाऱ्या शाळेत विक्रम-वेताळाच्या भुताखेतांच्या सचित्र कथा कशासाठी, असा प्रश्न शिक्षकसभेत एकदा उपस्थित झाला. प्रश्न रास्त होता. तरीही ते अंक कपाटात राहावेत, असे आमचे मत आहे. ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

कथा सर्वांना ठाऊक आहे. राजा विक्रम झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानाच्या वाटेने मुकाट्याने चालू लागतो. वाट सरावी म्हणून प्रेतातील वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला तर मौनभंग होऊन वेताळ पुन्हा झाडावर जाणार. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गोवलेली ही कथामाला चित्रकार शंकर यांच्या चित्रांमुळे घराघरांत ओळखीची झाली. मृत्यूला खांद्यावर घेऊन, त्याच्याशी बोलत केलेला हा रात्रीचा प्रवास आहे. त्यातील भूत खरे नाही. प्रश्न मात्र खरा आहे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट आम्हांस खुपते. प्रेत वाहणाऱ्या राजाच्या धैर्याची कथा झाली. आमच्या पूर्वजांना मात्र मेलेली जनावरे ओढणे, सरणाची लाकडे वाहणे, मर्तिकाची वर्दी घेऊन गावोगाव जाणे ही कामे वतनाच्या नावाखाली वेठीने करावी लागली. त्यांच्या वाटेवर सोबतीला कोणी नव्हते आणि त्यांची गोष्टही कोणी सांगितली नाही. त्या वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एका विद्यार्थ्याचे वडील वारल्याचा निरोप शाळेत आला. ताम्हिणी घाट उतरून त्याला गावी पोहोचविण्यास आम्ही एस.टी.ने सोबत गेलो. वाटेत त्याने एकदाच विचारले, “सर, बाबा आता कुठे असतील?” आत्मा नाही, हे आम्ही वर्गात अनेकदा शिकविले होते. त्या वेळी मात्र आम्ही खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहत राहिलो.

आज उत्तर द्यावयाचे झाले तर आम्ही त्याला भिक्खू आनंदांची गोष्ट सांगू. राजगृहापासून कुशिनारेपर्यंतच्या तथागतांच्या अखेरच्या प्रवासात ते सोबत होते. तथागत आता राहणार नाहीत, हे उमगताच ते एका बाजूस जाऊन रडू लागले. तथागतांनी त्यांना बोलावून घेतले. जे उत्पन्न झाले ते नाश पावणारच, हे सांगितले. आणि आनंदांनी वर्षानुवर्षे मैत्रीपूर्ण चित्ताने केलेल्या सेवेचा गौरवही केला. सत्य लपविले नाही, आणि रडणाऱ्याला एकटेही सोडले नाही. धम्माची शिकवण यापेक्षा वेगळी नाही.

म्हणून मुलाच्या हातून ‘चांदोबा’ काढून घेऊ नये. त्याच्या शेजारी बसावे, भूत नसते हे सांगावे आणि मग त्याच्या मनातला प्रश्न ऐकावा. निवासी शाळेत मूल आईबापांपासून दूर असते. दुःखाची वार्ता त्याला शिक्षकाच्याच तोंडून ऐकावी लागते. अशा वेळी उत्तर ठाऊक असून गप्प राहण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. आमचे मस्तक त्या दिवशी फुटले नाही. परंतु त्या मौनाचे ओझे अद्याप उतरलेले नाही.