पळवाटेवर उभी राहिलेली बाजारपेठ

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मद्याच्या दुकानांत २०२२ पासून बिअरच्या शेजारीच एक नवा डबा दिसू लागला. लिंबू किंवा आल्याच्या स्वादाच्या या सोड्यात मद्याचा थेंबही नसतो. त्यात असते ते गांजाला नशा देणारे टीएचसी हे द्रव्य. पाहता पाहता हे पेय अन्य राज्यांतही पोहोचले. ‘टार्गेट’सारख्या किरकोळ विक्रीच्या बड्या साखळीने ऑक्टोबर २०२५ मध्ये मिनेसोटातील निवडक दुकानांत त्याची विक्री करून पाहिली. मात्र ही बाजारपेठ विचारपूर्वक केलेल्या कायद्यातून जन्मलेली नाही. ती एका व्याख्येतील पळवाटेवर उभी राहिली आणि तिच्यापुढील आजचे संकटही तिथूनच आले आहे.

धागा, बिया आणि तेल यांसाठी भांगेची शेती पुन्हा सुरू व्हावी, या हेतूने अमेरिकी काँग्रेसने २०१८ मध्ये कृषी कायदा संमत केला. ज्या रोपात टीएचसीचे एक विशिष्ट रूप, डेल्टा-९, शुष्क वजनाच्या ०.३ टक्क्यांहून अधिक नाही, ते ‘हेम्प’. त्याला अमली पदार्थांच्या कायद्यातून मोकळीक. रोपासाठी ही टक्केवारी योग्यच होती. परंतु तीच ३५५ मिलिलिटरच्या डब्याला लावली, तर त्यात हजार मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी मावू शकते! बाजारातील डब्यात साधारणतः ५ ते १० मिलिग्रॅमच असते. शेतकऱ्यासाठी घातलेली मर्यादा अशा रीतीने पेय उत्पादकांच्या पथ्यावर पडली.

मागणी मात्र कृत्रिम नव्हती. गॅलप संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत मद्य घेतो असे सांगणाऱ्या अमेरिकी प्रौढांचे प्रमाण ५४ टक्क्यांवर आले. १९३९ पासूनच्या पाहण्यांतील हा नीचांक होय. मैफलीत हाती पेला हवा, पण दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी नको, असा वर्ग वाढतो आहे. टीएचसी पाण्यात विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पेयात मिसळण्याचे तंत्र आल्याने परिणाम बराच लवकर जाणवू लागला. बिअरचा खप मंदावलेल्या छोट्या मद्यनिर्मात्यांना आपल्याच यंत्रांवर नवे उत्पादन मिळाले.

मिनेसोटाने या धंद्याला शिस्त लावली. २१ वर्षांची वयोमर्यादा, एका मात्रेत ५ मिलिग्रॅम आणि २०२३ च्या कायद्यानुसार एका डब्यात दोनच मात्रा. इतरत्र गोंधळच होता. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये टीएचसीयुक्त हेम्प खाद्यपेयांवर तातडीची बंदी घातली. टेक्सासच्या विधिमंडळाने संमत केलेली बंदी गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी जून २०२५ मध्ये नाकारली.

अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये, सरकारी टाळेबंदी संपविणाऱ्या अर्थविधेयकातच हेम्पची व्याख्या बदलण्यात आली. एका डब्यात एकूण टीएचसी ०.४ मिलिग्रॅमहून अधिक नको, असे ते कलम सांगते आणि अंमलासाठी एक वर्षाची मुदत देते. मिनेसोटाची एक मात्रा याच्या बारापटीहून अधिक आहे. २०१८ मध्ये हेम्पची बाजू लावून धरणारे केंटकीचे सिनेटर मिच मॅकॉनेल हेच या बदलामागे होते. त्याच राज्याचे रँड पॉल यांनी त्याला विरोध केला. मुलांच्या हाती मिठायांच्या रूपात पडणारी नशा रोखणे आवश्यकच होते. पण त्यासाठी मोजूनमापून विकल्या जाणाऱ्या पेयालाही त्याच तराजूत तोलणे, हा आळशी न्याय झाला.

कॅनडाचा अनुभव वेगळा. तेथे २०१९ मध्ये ही पेये कायदेशीर झाली, ती डब्यामागे १० मिलिग्रॅमची मर्यादा घालूनच. पण सोबत बाळगण्याचा नियम इतका विचित्र की ग्राहकाला जेमतेम पाच डबे नेता येत. डिसेंबर २०२२ मध्ये ती मर्यादा ४८ डब्यांवर नेण्यात आली. तरीही गांजाच्या वैध विक्रीत पेयांचा वाटा अल्पच राहिला. स्पष्ट नियम ग्राहकाला संरक्षण देतात, धंद्याला भरभराटीची हमी देत नाहीत.

आपल्याकडे भांगेची थंडाई नवी नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या व्याख्येतून पाने वगळली, म्हणून वाराणसीत परवान्याची भांग मिळते; महाराष्ट्रात मात्र मद्यनिषेध कायदा आड येतो. पण पेल्यात नशा किती, हे वाराणसीतही विकणारा सांगू शकत नाही. वनस्पतीचा कोणता भाग, किती टक्के, यावर कायदे घुटमळत राहिले, तर ग्राहकाच्या पोटात नेमके काय जाते हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. मात्रा, वय आणि वेष्टनावरील माहिती या तीन गोष्टींवर कायदा उभा राहिला, तरच पळवाटही बुजेल आणि बंदीची घाईही करावी लागणार नाही.