संगणक मंद आहे की त्याचं चित्र उशिरा पोहोचतंय?



"सर, हा डबा झालाय. नवीन घेऊन टाका." आमच्या वर्गातल्या लॅपटॉपबद्दल हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की मलाही ते पटायला लागलं होतं. लोकवर्गणीतून नवा संगणक घ्यायचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायचंही ठरलं. पण ती वर्गणी मजुरीवर जाणाऱ्या पालकांच्या खिशातून येते. म्हणून म्हटलं, आधी एकदा नीट तपासू या. आज त्याबद्दलच लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे, दुखणं कुठे आहे ते शोधल्याशिवाय "मंद" हा शिक्का मारू नका.

आधी आमची व्यवस्था सांगतो. ऑफिसात ८ जीबी रॅमचा एक डेस्कटॉप आहे. शाळेचं सगळं ऑनलाइन काम त्यावरच चालतं, त्यामुळे तो मुलांच्या हातात देता येत नाही. म्हणून त्यातच व्हर्च्युअलबॉक्सने एक आभासी संगणक बनवला, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. त्यात लिनक्स टाकलं. मुलांनी काहीही बिघडवलं तरी आधी घेऊन ठेवलेल्या स्नॅपशॉटवरून तो पुन्हा होता तसा करता येतो. वर्गातल्या जुन्या लॅपटॉपवर व्हीएनसीने त्याचा पडदा दाखवायचा. म्हणजे काम ऑफिसात होतं आणि वर्गात फक्त चित्र येतं.

कल्पना छान होती, पण मुलगी रंगावर क्लिक करायची आणि रंग तीन-चार सेकंदांनी उमटायचा. तोवर ती आणखी चार वेळा क्लिक करायची. मग सगळे क्लिक एकदम लागू होऊन चित्राचा पार विचका! आणि पाळी तर दहाच मिनिटांची.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. मी ऑफिसात जाऊन तोच आभासी संगणक थेट डेस्कटॉपच्या पडद्यावर पाहिला. तिथेही अडखळत असेल तर दोष यंत्रात. तिथे सुरळीत आणि वर्गातच अडखळत असेल तर दोष वाटेत, म्हणजे नेटवर्क किंवा चित्र पाठवण्यात.

आमच्याकडे तो तिथेही अडखळत होता. टास्क मॅनेजर उघडला तर मेमरी भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर. चूक माझीच होती. "जास्त दिलं की जास्त पळेल" म्हणून मी ८ पैकी ६ जीबी आणि चारही कोर आभासी संगणकाला देऊन टाकले होते. विंडोजला श्वास घ्यायला जागाच नव्हती. रॅम पुरेनाशी झाली की संगणक हार्ड डिस्कचा आधार घेतो, आणि ती रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. मी ३ जीबी आणि दोन कोर ठेवले. कमी दिलं आणि वेग वाढला! तुमच्याकडे व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसत असेल, तर विंडोजची हायपर-व्ही सुविधा आड येतेय असं समजा. त्यानेही वेग पडतो.

ऑफिसात आता सुरळीत झालं, वर्गात मात्र अजून रडगाणं चालूच. म्हणजे दुसरं दुखणं वाटेत होतं. इथे थोडं गणित करू. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. प्रत्येकाला ३ बाइट धरले तर एका पूर्ण चित्राचे सुमारे ६२ लाख बाइट. व्हीएनसी बदललेला भागच पाठवतं आणि तोही दाबून, लहान करून. पण मुलांच्या खेळात अख्खा पडदाच सारखा हलत असतो. मी पडदा १०२४ गुणिले ७६८ केला, रंग १६ बिटवर आणले. एक चित्र १६ लाख बाइटच्या आत आलं, म्हणजे जवळजवळ पाव झालं. मग 'पिंग' करून पाहिलं. वायफायवर उत्तराची वेळ कधी ५, कधी ३०० मिलिसेकंद. दोन भिंती मध्ये होत्या ना! केबल टाकली आणि ती १ मिलिसेकंदावर स्थिरावली.

आता क्लिक केलं की रंग लगेच उमटतो. व्हिडिओ मात्र या मार्गाने आजही नीट चालत नाही. तो थेट लॅपटॉपवरच लावतो. नव्या संगणकाचा विषय समितीपुढे गेलाच नाही. खर्च झाला तो फक्त केबलचा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मी एका वेळी एकच बदल केला आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद केली. सगळं एकदम बदललं असतं तर सुधारलं कशाने ते कळलंच नसतं. आपण विज्ञानाच्या तासाला मुलांना हेच शिकवतो, पण स्वतः वापरतो का?

आणि आता खरी बोच. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी आहे, घरी गोरमाटी बोलते. तोंडी गणिताला ती उशिरा उत्तर द्यायची. माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे मीच लिहिलं होतं, "संथ". एकदा तिच्यापुढे चिंचोके ठेवले आणि न बोलता मांडून दाखव म्हटलं. क्षणात मांडले! डोकं सुरळीत चालत होतं, वेळ लागत होता तो उत्तर मराठीत आणायला. म्हणजे तिथेही दोष वाटेतच होता, आणि मी शिक्का मारला होता यंत्रावर.

संगणकासाठी मी चार दिवस तपासणी केली. त्या मुलीसाठी एक मिनिटही न तपासता शब्द लिहून मोकळा झालो होतो. तो शब्द मी खोडलाय. पालकहो, तुमच्या मुलाला कुणी "मंद" म्हटलं तर आधी विचारा, "कुठे तपासलंत?" आणि शिक्षक मित्रांनो, हा प्रश्न आपणच आपल्याला आधी विचारू या.