माडाचा शेंडा बघायला कोणती दुर्बीण: थरथर थांबवणारी की महागड्या काचेची?



गोराईत आमचा शेतकऱ्यांचा छोटा गट आहे. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात भाजीपाला आणि बांधावर माड. गटात मिळून एक चांगली दुर्बीण घ्यायचं ठरतंय, पण त्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, घ्यायची तर आयुष्यभर पुरेल अशी युरोपियन काच घ्या, स्वारोव्स्की, झाइस किंवा लायका. दुसरा म्हणतो, कॅननची ती बटण दाबलं की चित्र स्थिर करणारी घ्या. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. का, ते सांगतो. पहिल्या बाजूचं खरं कुठे आहे तेही सांगतो.

आधी काम बघा. आपल्याला दुर्बीण हवी ती मुख्यतः माडाच्या शेंड्यासाठी. गेंड्या भुंगा शेंड्यातला कोवळा कोंब पोखरतो. तो कोंब उलगडला की झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. इरिओफाईड कोळी असेल तर कोवळ्या फळांवर देठाजवळ फिकट त्रिकोणी चट्टे येतात आणि पुढे ते तपकिरी होतात. हे वेळेत दिसलं तर उपाय स्वस्तात होतो. उशिरा दिसलं तर माड जातो. माडावर चढणारी माणसं आता मिळत नाहीत, आणि मिळाली तरी दर महिन्याला प्रत्येक माडावर कोण चढवणार?

आता हिशोब. १० पट दुर्बिणीतून ५० फुटांवरचा शेंडा ५ फुटांवर असल्यासारखा दिसतो. पण हाताची थरथरही १० पट होते. त्यात मान मागे टाकून, दोन्ही हात वर धरून सरळ आभाळाकडे बघायचं. अर्ध्या मिनिटात दंड भरून येतात आणि चित्र नाचायला लागतं. चट्टा कोळ्याचा आहे की नुसता घासल्याचा, हे नाचणाऱ्या चित्रात कळत नाही. काच दोन लाखांची असली तरी हात आपलाच असतो.

स्थिर करणाऱ्या दुर्बिणीत आत हालचाल ओळखणारे सेन्सर असतात. हात हलला की आतला खास प्रिझम उलट बाजूला कलतो आणि चित्र जागेवर राहतं. कॅननने अशी पहिली दुर्बीण १९९५ मध्ये आणली. त्यांची १०×३० दोन साध्या पेन्सिल सेलवर चालते, वजन सुमारे ६०० ग्रॅम. सेल संपले तरी साधी दुर्बीण म्हणून वापरता येते. किंमत नामांकित युरोपियन दुर्बिणीच्या तुलनेत बरीच कमी. वरच्या दर्जाची युरोपियन ८×४२ घ्यायला गेलात तर दोन लाखांच्या पुढे जाते. म्हणजे एका पॉवर टिलरचे पैसे.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्यासाठी तेच मोठं आहे. माझ्या वडिलांना माडाचा शेंडा जितका वाचता येतो तितका गटात कुणालाच येत नाही. पण आता त्यांना चढवत नाही आणि हात बारीक थरथरतो. साधी दुर्बीण ते दोन मिनिटांत खाली ठेवतात. एकदा ओळखीच्या एकाची स्थिर करणारी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बटण दाबलं आणि ते गप्प झाले. मग एकेक माड बघत सांगत गेले, "ह्याच्या कोंबात भुंगा आहे, त्याच्यात नाही." गावोगावी असं ज्ञान घरात बसून आहे. ते पुन्हा बांधावर येणार असेल तर मला त्या काचेची चमक थोडी कमी चालेल.

आता दुसरी बाजू. १०×३० म्हणजे ३० ला १० ने भागून ३ मिलिमीटरचा प्रकाश डोळ्यात येतो. ८×४२ मध्ये तोच सव्वापाच मिलिमीटर. भर दुपारी फरक कळत नाही, तिन्हीसांजेला चांगलाच कळतो. आरेच्या किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला ज्यांचे गोठे-मळे आहेत, त्यांना संध्याकाळी झुडपात बिबट्या आहे की कुत्रा हे बघायचं असतं. त्यांनी मोठ्या भिंगाची साधी दुर्बीणच घ्यावी.

दुसरं, पाऊस. चांगल्या साध्या दुर्बिणीत नायट्रोजन भरून सील केलेलं असतं. आपल्या दमट हवेत काचेवर बुरशी चढते, तिथे हे सील कामाला येतं. कॅननची १०×३० जलरोधक नाही. त्यांची १०×४२ जलरोधक आहे, पण ती किलोच्या वर जाते आणि किंमतही चढते. आणि जिथे इलेक्ट्रॉनिक्स आहे तिथे कधीतरी बिघाड येणारच. साधी दुर्बीण नीट जपली तर मुलगाही वापरतो.

म्हणून माझं मत असं. दिवसा माड, आंबा, ताडावरची सुगरणीची घरटी, भातावर उतरणारे मुनियांचे थवे बघायचे असतील आणि दुर्बीण पाच-सहा हातांत फिरणार असेल, तर स्थिर करणारी १० पट घ्या. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, पावसात बाहेर काढू नका. काम संध्याकाळचं किंवा पावसातलं असेल तर साधी जलरोधक ८×४२ घ्या, आणि तीही मधल्या किमतीची. दोन लाखांची काच उत्तमच आहे, पण तिचा शेवटचा फरक ज्याला दिसतो तो माणूस रोज दुर्बिणीतच जगतो. आपण शेतात जगतो.

घेण्याआधी स्वतः बघा. हिवाळ्यात भांडुप पंपिंग स्टेशनला किंवा मुलुंडच्या पलीकडे ऐरोलीला ठाणे खाडीवर रोहित बघायला पक्षीनिरीक्षक येतात. त्यांच्याकडे दोन्ही प्रकार असतात, नम्रपणे मागितलं तर बघू देतात. हलत्या होडीतून दोन्ही लावून बघा. मग घरी येऊन कुणाची तरी साधी दुर्बीण घ्या आणि आपल्याच माडाखाली उभं राहून पूर्ण एक मिनिट शेंड्याकडे बघा. तुमचा हातच सांगेल.

कृषी विभागातल्या आणि कृषी महाविद्यालयातल्या मित्रांना एक विनंती. माड न चढता कीड मोजायची सोपी पद्धत तुम्ही वापरत असाल तर जरूर लिहा. गटाच्या बैठकीत वाचून दाखवीन.